पाचपावलीतला हेडाऊ

मे महिन्यात तीन वाजता लाईट गेली
आणि तीन-दहाला आली.
कूलर घरघरला, ट्यूब लागली,
कॉम्प्युटर मात्र टक् म्हणाला,
थांबला,
पुन्हा टक्.
काळ्या पडद्यावर दोन पांढऱ्या ओळी.
चौदा वर्षं मी लोकांची पत्रं टाइप करते,
एवढं आखूड पत्र मला कुणी लिहिलं नव्हतं.

शेजारच्या मोबाईल दुकानातला पोरगा म्हणाला,
काकू, फ्रिजरमधी ठेवा रातभर, माया मामानं केलतं.
ठेवली.
मटाराची पिशवी आणि बर्फाचा ट्रे यांच्या मधे
सक्करदऱ्यातली चौदा वर्षांची लग्नं,
भाडेकरार, जात पडताळणीची शपथपत्रं,
उधारीची वही,
आणि एका मास्तरांचा संत्र्याच्या डिंक्या रोगावरचा प्रबंध,
पाचव्या प्रकरणापर्यंत.
सकाळी ती अकरा मिनिटं चालली.
अकरा मिनिटांत मी काय वाचवलं?
समोर दिसलं ते. कुणाच्या तरी बारशाची पत्रिका.

मग पाचपावली. ऑटोत, मांडीवर, ओढणीत गुंडाळून.
खड्डा आला की मी तिला अलगद वर उचलायची.
गुणवंत हेडाऊनं ती कानाला लावली,
पलीकडचा माणूस बोलता बोलता थांबलाय
अशा चेहऱ्यानं.
"मुंडी गेली ताई. प्लेटीले खरचटून रायली.
फ्रिजमधी ठेवली होती ना?"
मी गप्प.
"सगळेच ठेवतात."

त्याच मॉडेलची दुसरी लागणार होती,
तिची मुंडी काढून हिला लावायला.
नऊ दिवसांनी सापडली,
उमरेड रोडच्या बंद पडलेल्या कोचिंग क्लासच्या भंगारात.
त्याचं ऑपरेशन थेटर म्हणजे
माशांचा काचेचा टँक, उलटा ठेवलेला,
हात घालायला दोन भोकं.
खाली फरशीचा एक चौकोन वेगळ्या रंगाचा.
"इथं आज्याचा माग होता, खड्ड्याचा. बुजवला आम्ही.
आजा म्हणे, तुटला धागा सांधता येते,
सुटला धागा दिसतच नाई."
एवढं बोलून त्यानं श्वास धरला
आणि हात आत घातले.

फाइली निघाल्या. नावं नाही निघाली.
नावं वेगळ्या जागी राहतात म्हणे,
तीच जागा खरचटली होती.
नुसते नंबर, एकवीस हजारांच्या वर.
फॉन्ट नव्हता, म्हणून उघडेल तिथे
इंग्रजी अक्षरांचा चिखल;
मला तो चिखलही वाचता येतो.
एकीत चि. सौ. कां. च्या खाली थेट 'दुःखद निधन'
आणि तळाला 'कृपया आहेर आणू नये'.
मी एकटीच हसले, दुकानाचं शटर अर्धं ओढून.

मग फाइल ०४१८.
एकच पान. अर्जदार म्हणून माझं नाव,
गैरअर्जदार म्हणून ह्यांचं,
अकरा वर्षांपूर्वीची तारीख.
त्या रात्री टाइप केलेलं, उजाडायच्या आत पुसलेलं,
कचराकुंडीही रिकामी केली होती, दोनदा.
उधारीची वही चिंध्या होऊन आली,
मास्तरांचा प्रबंध तिसऱ्या प्रकरणात संपला,
हे मात्र जसंच्या तसं.
एक काना इकडचा तिकडे नाही.
इतकं शुद्ध टायपिंग माझ्या हातून पुन्हा झालं नाही.

हेडाऊनं पाहिलं असेल का?
पैसे मोजताना तो म्हणाला होता,
"जे पुसलं तेबी निघते ताई. मशीनले काय समजते,
कोनतं हरवलं अन् कोनतं टाकलं."
तेव्हा मला वाटलं, फुशारकी मारतोय.

महिनाभर मी बाकीच्यांना नावं देत बसले,
कुंभारे-लग्न, मेहर-तेरवी, खापेकर-भाडेकरार.
०४१८ तशीच आहे. पुसलीही नाही.

संध्याकाळी हे कूलरमध्ये पाणी भरत होते.
"भेटलं का सगळं?"
"उधारी गेली."
"अन् बाकी?"
"थोडं जास्तच भेटलं."
"म्हणजे?"
टाकी भरून पाणी त्यांच्या पायावर यायला लागलं,
मी नळ बंद करायला गेले.